फर्मे ज्याच्या त्याच्या घरी

गल्लीच्या टोकाच्या त्या घराला गॅरेज होतं, पण त्यात गाडी कधी शिरलीच नाही. गाडी बिचारी बाहेर रस्त्याच्या कडेला ऊन खात उभी, आणि गॅरेजमध्ये बूटकाकू.

हे नाव गल्लीनं पाडलेलं. काकू काही साधे बूट करत नसत. कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, कुणाचा घोटा अपघातानंतर जाम झालेला, कुणाची दोन बोटं साखरेच्या दुखण्यात गेलेली, अशा माणसांना दुकानातला बूट चालत नाही. त्यांच्यासाठी काकू बूट शिवायच्या. आधी एका मोठ्या हॉस्पिटलात त्या हेच काम करत. पुढे तो विभागच बंद झाला. निरोपाच्या दिवशी साहेबांनी पुष्पगुच्छ दिला, तो काकूंनी टेबलावर तसाच ठेवला आणि त्याऐवजी भंगारात निघालेले लाकडी फर्मे मागून घेतले.

फर्मा म्हणजे पायाचा लाकडी साचा. माणसाच्या पायाची मापं घ्यायची, लाकूड तासत तासत हुबेहूब तो पाय घडवायचा, आणि मग त्यावर चामडं ताणून बूट बांधायचा. फर्मा एकदा जमला की पुढे माणसाला मापासाठी परत यायचंही कारण नाही. "काकू, या वेळी काळे करा," एवढा फोन आला की पुरे. गॅरेजच्या भिंतीवर फळ्याच फळ्या, आणि फळ्यांवर गिऱ्हाइकांचे पाय. नवखा माणूस आत आला की आधी दचकायचा.

गेल्या वर्षी सुट्ट्यांत काकू आणि त्यांचे यजमान मुलीकडे राहायला गेले, आणि मागे गॅरेज फुटलं. चोरांनी बाजूच्या दाराची कडी उचकटली. तासायची मोटर नेली, चामड्याची गुंडाळी नेली, चामडं कापायच्या, हाताला सवयीच्या झालेल्या रापी नेल्या. हे सगळं न्यायला त्यांना पोती हवी होती. जाण्याआधी काकूंनी फर्मे धुळीपासून जपायला म्हणून पोत्यांतच बांधून ठेवले होते. चोरांनी ते मागच्या अंगणात ओतले आणि पोती घेऊन गेले. वर पाऊस झाला. लाकडं फुगली, काही चिरली, पेन्सिलीनं लिहिलेली नावं धुऊन गेली.

पंचनाम्याला आलेल्या हवालदारानं त्या ढिगाकडे बोट दाखवलं. "ही लाकडं गेली का?"

"गेली नाहीत, भिजली," काकू म्हणाल्या.

"मग गेलेल्या वस्तूंचं बोला, बाई."

पुढचे कित्येक महिने काकू त्या जोड्या लावत बसल्या होत्या. ज्यांचा डावा-उजवा मुळातच जुळत नाही अशा पायांच्या जोड्या लावायच्या, म्हणजे डोक्याचा भुगा. मोटर नवी आली, रापी नव्या आल्या, पण गेल्या वर्षाचा तो ढीग काकूंच्या डोळ्यांसमोरून हलला नाही. त्यांनी कानाला खडा लावला. सुट्टी असो नाही तर काही असो, घर सोडायचं नाही.

यंदा मुलीचा फोन आला तेव्हा त्यांनी तेच सांगितलं.

"आई, असं कसं? ती आता चालायला लागली आहे," मुलगी म्हणाली. ती म्हणजे काकूंची नात.

"कशी टाकते पाऊल? टाच आधी की बोटं?"

"मला काय कळतंय? तू येऊन बघ."

इथे काकू अडकल्या. नातीचं पाऊल बघायचा मोह काही आवरेना. शेवटी त्यांनी अट घातली. गॅरेजचा पक्का बंदोबस्त होईल, तरच उंबऱ्याबाहेर पाय पडेल. यजमान लगेच म्हणाले, "माझ्यावर सोड."

ते सोडायला नको होतं, हे काकूंना चारच दिवसांत कळलं.

यजमान बस चालवून निवृत्त झालेले. सगळी नोकरी पाठीमागे 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी घेऊन काढलेली, त्यामुळे आता जो भेटेल त्याच्याशी बोलायचे. त्यांनी कुलूपवाल्याला बोलावलं. कुलूपवाला आला, बाजूच्या दाराला दोन धक्के दिले आणि जीभ टाळूला लावून चक् केलं.

"वहिनी, हे दार कुणीही लाथेनं उघडेल."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं ना?"

"उद्या नक्की बसवतो," असं म्हणून माप घेऊन तो गेला. त्याचा उद्या काही उजाडेना. फोन केला की तो वाटेतच असायचा.

तोवर काकूंचा धाकटा भाऊ धावून आला. भाऊला यंत्रांचं भारी वेड. गेल्या वर्षीच्या चोरीनंतर त्यानंच हौसेनं पुढच्या शटरला मोटर बसवून दिली होती, खिशात मावणारं बटण दाबलं की शटर वर. आता तो एक कॅमेरा आणि एक भोंगा घेऊन आला आणि शिडीवर चढला.

"ताई, आता माशी जरी आत शिरली ना, तरी अख्खी गल्ली जागी होईल."

गल्ली खरंच जागी झाली. पहिल्या दुपारी मांजर शिरलं, भोंगा कोकलला, आणि समोरचे कर्नल काठी घेऊन धावत आले. कर्नल कधीच सैन्यात नव्हते. विमा कचेरीत होते. पण मिशा आणि चाल तशी, म्हणून कर्नल. संध्याकाळी भोंगा पुन्हा वाजला, बाहेरून ट्रक गेला म्हणून. दुसऱ्या दिवशी यजमानांना शिंक आली म्हणून वाजला. भाऊनं शिडीवर चढून काहीतरी फिरवलं, तेव्हापासून तो विनाकारणही वाजायला लागला. आठवडा संपेपर्यंत अशी वेळ आली, की भोंगा गळा काढून ओरडतोय आणि गल्लीत एक खिडकी उघडत नाही.

"आता कोण येणार आहे याला ऐकून?" काकूंनी विचारलं.

"चोर तर घाबरेल ना, ताई," भाऊ म्हणाला.

"मांजर घाबरलं का? तेव्हापासून रोज येऊन बसतंय खाली."

कॅमेऱ्याची वेगळीच तऱ्हा. त्याच्यासमोर एका कोळ्यानं जाळं विणलं, आणि फोनवर रात्रंदिवस कोळ्याचं पोट दिसू लागलं.

या सगळ्यावर कडी केली यजमानांनी. काकू दोरा आणायला बाजारात गेल्या, तर दुकानदारानं विचारलं, "मग, लेकीकडे निघालात म्हणे?" पाववाल्यानंही तेच. कोपऱ्यावर केशकर्तनालयाच्या दारात त्या थबकल्या, कारण आतून ओळखीचा आवाज येत होता. गळ्याभोवती कापड बांधून घेतलेले यजमान आरशातून मागच्या बाकावरच्या चार अनोळखी माणसांना सांगत होते, "सोमवारी निघतो, पुढचा आठवडा पुरता तिकडेच. बाजूच्या दाराला कुलूप बसायचंय अजून, तो लेकाचा येतच नाही."

काकू दारातूनच वळल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "अहो, एक करा. शटरवर मोठ्या अक्षरांत लिहून टाका. मालक बाहेरगावी, दार कच्चं, सावकाश या."

"अगं, चांगली माणसं आहेत ती."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"बोलण्यावरून कळतं."

काकू गॅरेजमध्ये जाऊन स्टुलावर बसल्या. समोर फर्म्यांच्या रांगा. मोटर काय, परत घेता येते. चामडंही मिळतं. पण हे पाय पुन्हा कुठल्याशा अंगणात भिजत पडले, तर ती जोडाजोड करायची ताकद आता अंगात नव्हती. बंदोबस्त म्हणून जे जे केलं, त्यानं फक्त गोंगाट वाढला होता. त्यांना रडू यायला लागलं, आणि त्याचाही राग आला.

नेमके तेव्हाच गणिताचे मास्तर बूट न्यायला आले. मास्तरांचा डावा पाय लहानपणीच्या आजारात आखूड राहिलेला, काकूंचं हॉस्पिटलपासूनचं गिऱ्हाईक. बायको गेल्यापासून एकटेच, सोबतीला एक कुत्रा. बोलणं इतकं हळू, की वर्गात मुलांना ऐकू कसं जातं, हे काकूंना कोडंच होतं.

"काही झालंय का?" त्यांनी विचारलं.

काकूंनी जे काही साचलं होतं ते सगळं त्यांच्यावर रिकामं केलं. कुलूपवाला, भोंगा, कोळी, केशकर्तनालय. मास्तर बिचारे नवे बूट हातात धरून ऐकत राहिले. शेवटी काकूंनी फळीवरचे त्यांचे दोन्ही फर्मे उचलले आणि त्यांच्या पुढ्यात आदळले.

"घ्या. तुमचे पाय आहेत, तुम्हीच सांभाळा. मी कुठवर पुरी पडू?"

मास्तरांनी फर्मे घेतले, पिशवीत नीट ठेवले आणि म्हणाले, "चालेल. तुम्ही परत आलात की आणून देतो."

ते गेल्यावर काकू त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. मघाशी रागानं बोलल्या होत्या खऱ्या, पण बोलून गेलं ते चांगलंच होतं. घरोघरी एकेक जोडी गेली, तर चोर अंगणात ओतणार काय?

त्यांनी फोन हातात घेतला. लोकांची उत्तरं एकापेक्षा एक. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "काकू, ठेवू कुठे? सासूबाई कपाट उघडतील आणि किंचाळतील." एका रिक्षावाल्यानं विचारलं, "म्हणजे आता बूट करणार नाही का?" त्याची समजूत घालता घालता काकूंच्या नाकी नऊ आले. एका आजीबाईंना वाटलं, काकू दुकान बंद करून कायमच्या निघाल्या, आणि त्या फोनवरच गहिवरल्या. पण सगळे आले. ज्यांना येववत नव्हतं, त्यांचे फर्मे यजमान पोचवून आले. दर दारात चहा आणि गप्पा झाल्या आणि लेकीकडे कधी निघणार हेही सांगून झालं, हे काकूंना न विचारताच कळलं.

कुलूपवाला शेवटपर्यंत फिरकला नाही. निघायच्या सकाळी यजमानांनीच बाजूच्या दारामागे आडव्या पट्टीचा लोखंडी आडणा बसवला, भिंतीत दोन आकडे ठोकून, घाम गाळून. काम मजबूत झालं होतं. काकूंनी खिडकीच्या काचेला आतून कागद लावला, रापी घरातल्या ट्रंकेत ठेवल्या, गॅरेजमधून घरात उघडणाऱ्या दाराला दोन कड्या लावल्या.

"आता तरी शांत हो," यजमान म्हणाले.

"बघू," काकू म्हणाल्या.

गाडीवर लांबच्या प्रवासाचा भरवसा नव्हता, म्हणून दोघं बसनं गेले. सगळ्या वाटेवर यजमान ड्रायव्हरच्या ब्रेक मारण्यावर नापसंती व्यक्त करत होते. लेकीकडे पोचल्यावर काकूंनी आधी नातीला जमिनीवर उभं केलं. नातीनं चार पावलं टाकली, टाच व्यवस्थित टेकत होती, आणि कितीतरी दिवसांनी काकूंचा चेहरा सैल झाला.

तो सैलपणा फार टिकला नाही. दोन-तीन दिवसांनी दुपारी जेवणं चालू असताना कर्नलचा फोन आला.

"वहिनी, तुमचं शटर उघडंच राहिलंय. जावईबापू बंद करायला विसरले वाटतं."

काकूंनी समोर बघितलं. जावई पोळीचा तुकडा तोंडात घालत होता.

"जावई इथे माझ्यासमोर जेवतोय, कर्नल."

मग कर्नल हळूहळू सांगू लागले. सकाळी शटर वर गेलं. बटणानं, अगदी रीतसर. दोन जण टेम्पो घेऊन आले होते, चांगल्या कपड्यांतले, त्यातला एक जावईच वाटला. सामान भरत होते. भोंगा वाजत होता, पण तो काय रोजच वाजतो.

"मी गॅलरीतून हात केला," कर्नल म्हणाले. "त्यांनीही केला."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी फोन खाली ठेवला आणि यजमानांना शांतपणे विचारलं, "शटरचं बटण कुठे आहे?"

यजमानांनी शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचा. मग त्यांचा हात तिथेच राहिला. बटण गाडीत होतं, समोरच्या कप्प्यात, नेहमी असायचं तिथेच. आणि गाडी गल्लीत, रस्त्याच्या कडेला. चोरांना दार फोडावं लागलंच नव्हतं. गाडीची काच फोडली, बटण घेतलं आणि घरच्यासारखे आत शिरले.

मुलगी मधे पडली. "आई, बाबांवर चिडू नकोस. त्यांच्या लक्षात..."

"मी चिडलेय का? मी काही बोललेय का?" काकू म्हणाल्या, आणि सामान भरायला लागल्या.

परतीच्या बसमध्ये ड्रायव्हर वळणावळणावर करकचून ब्रेक दाबत होता. यजमान एक शब्द बोलले नाहीत.

गॅरेजमध्ये तासायची नवी मोटर नव्हती. चामडं नव्हतं. भाऊची शिडी नव्हती, कॅमेरा नव्हता, आणि भोंगाही नव्हता. तो बहुधा वाजत वाजतच गेला असावा. शिलाईचं मशीन जमिनीत बोल्टनं आवळलेलं, म्हणून वाचलं. घरात उघडणाऱ्या दारावर पहारीचे ओरखडे होते, पण कड्या टिकल्या होत्या. बाजूच्या दाराचा आडणाही जिथल्या तिथे होता. त्याला कुणी हातही लावला नव्हता.

हवालदार तोच आला. यादी लिहिता लिहिता थांबला. "भोंगा म्हणजे, चोर आले की वाजतो तो?"

"तोच," काकू म्हणाल्या.

"तोच गेला?"

"पुढचं लिहा."

चोर काही सापडले नाहीत. काकूंनी भाऊकडून शटरची मोटर उतरवून घेतली आणि खाली जमिनीत कडी बसवून भक्कम कुलूप लावलं. "ताई, आता नवीन प्रकार आलाय, बोटाच्या ठशावर उघडणारा," भाऊनं सुरुवात केली, पण काकूंनी नुसतं बघितलं आणि तो गप्प झाला. यजमान गाडीला नवी काच लावून आले. पुढचे काही दिवस ते केशकर्तनालयाच्या बाजूनं गेलेही नाहीत. काकूंना त्यांची दया येत होती, पण एवढ्यात ती दाखवायची त्यांची इच्छा नव्हती.

मग फर्मे परत यायला लागले. पोस्टातल्या बाईंनी आपले उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणले. रिक्षावाल्याच्या मुलीनं त्याच्या फर्म्यांवर लाल नखं रंगवली होती. आजीबाईंनी आपला एक दाराला टेकण म्हणून लावला होता, आणि आता त्याच्याशिवाय दार आपटतं म्हणून कुरकुरत होत्या. काकू तोंडानं सगळ्यांना बोलत होत्या आणि हातानं एकेक जोडी फळीवर चढवत होत्या. सगळ्यांचं सगळं आलं. फक्त मास्तर आले नाहीत.

ते अगदी शेवटी आले. पिशवीतून उजवा फर्मा काढला, तो ठीक होता. डावा वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, आणि तो काढताना त्यांची नजर जमिनीवर होती. कुत्र्यानं त्याचा करंगळीकडचा भाग पार कुरतडला होता.

"मी वर ठेवला होता," मास्तर म्हणाले. "तो खुर्चीवर चढेल असं वाटलं नाही."

काकूंनी फर्मा हातात फिरवला. चोरांकडून वाचवला आणि कुत्र्यानं खाल्ला. हसावं की डोकं आपटावं, कळेना. "बसा," त्या म्हणाल्या. "बूट काढा. नव्यानं मापं घेते."

त्यांनी जमिनीवर कागद पसरला, मास्तरांचा डावा पाय त्यावर ठेवला आणि पेन्सिल फिरवायला लागल्या. करंगळीपाशी पेन्सिल अडखळली. हाड बाहेर आलं होतं. त्यावर जाडजूड घट्टा, कडेला लाल. पाऊलही पसरलं होतं. या पायाची अन् त्या फर्म्याची आता फक्त लांबची ओळख उरली होती. फर्मा शाबूत असता, तरी या पायाचा नव्हता.

"हे कधीपासून?"

"झाली असतील दोन-तीन वर्षं."

"आणि मी केलेले बूट चावतात इथे?"

"थोडेसे," मास्तर म्हणाले. "संध्याकाळी जास्त."

काकूंचा आवाज चढला. "मग बोलायला काय झालं होतं? दर वर्षी येता, बूट घेता, छान झालेत म्हणता. मी इथे या लाकडांसाठी जीव टाकतेय, पोलीस, भोंगे, सगळ्या गल्लीला त्रास, आणि तुम्ही पाय दुखत असताना गप्प?"

मास्तरांनी उघडं पाऊल कागदावरून जरा मागे घेतलं.

"तुमच्याकडे फर्मा होता ना," ते म्हणाले. "मला वाटायचं, फर्मा बरोबरच असणार. माझाच पाय कुठेतरी चुकत असेल."

काकूंनी मान वर करून फळ्यांकडे बघितलं. एकेकाचं माप कधी घेतलं होतं, ते आठवायला लागल्या. आजीबाईंचं हॉस्पिटलात असतानाचं. पोस्टातल्या बाईंचं बाळंतपणाच्याही आधीचं. एवढ्या जिवापाड जपलेल्या त्या रांगेतले किती पाय अजून त्या-त्या माणसाचे होते, देव जाणे.

दारात यजमान दोन कप चहा घेऊन उभे होते, आत यावं की नाही या विचारात.

"ठेवा इथे," काकू म्हणाल्या. "आणि अहो, उद्या जरा सगळ्यांकडे पुन्हा एक फेरी मारा. परत मापं घ्यायचीत म्हणावं, सगळ्यांची. तुम्हाला सांगायला आवडतंच."

मग त्या मास्तरांकडे वळल्या. "तो दुसरा मोजाही काढा. आणि आता कुठे कुठे दुखतं ते नीट सांगा, एकही जागा लपवू नका."